सव्वीस फुटी नौकेच्या पुढच्या शिडासाठी फर्लरची निवड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

फर्लर म्हणजे नौकेचे पुढचे शीड त्याच्या पुढच्या कडेभोवती गुंडाळणारे आणि उलगडणारे साधन. या प्रकरणातील नौका २६ फूट लांबीची, फायबरग्लासची, एक डोलकाठी आणि दोन शिडे असलेली स्लूप आहे. तिचा फोरस्टे, म्हणजे डोलकाठीला पुढून धरून ठेवणारी तार, थेट डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत जातो. त्यामुळे पुढचे शीड मोठे आणि मुख्य शीड त्या मानाने लहान, अशी तिची मूळची रचना आहे. नौकेवर वावरणारी माणसे दोनच, साठी ओलांडलेले पती-पत्नी. शिडे चालवण्याचा सराव दोघांनाही जुना आहे, परंतु पत्नीच्या उजव्या खांद्याची हालचाल काही वर्षांपासून मर्यादित झाली आहे. त्यांच्या सहली बहुतांशी किनाऱ्यालगतच्या, एक-दोन मुक्कामांच्या असतात आणि वर्षाकाठी एखादा लांबचा प्रवास होतो. हंगाम संपला की नौका पाण्याबाहेर घेतात आणि डोलकाठी आडवी करतात. ही शेवटची बाब निवडीच्या चर्चेत बराच काळ कोणी विचारातच घेतली नव्हती.

नौकेबरोबर पुढची तीन शिडे आली होती: एक मोठा १३५ टक्क्यांचा जेनोआ, एक लहान जिब आणि एक जाड कापडाचे वादळी जिब. यातील टक्केवारी फोरस्टेचा पाया आणि डोलकाठी यांमधील अंतराशी मोजतात. शंभराच्या पुढचे शीड डोलकाठीच्या मागे पोहोचते. तिन्ही शिडे हँकची होती, म्हणजे त्यांच्या पुढच्या कडेला ठरावीक अंतरावर लावलेल्या पितळी कड्या एकेक करून फोरस्टेवर अडकवायच्या आणि मग हॅलयार्डने, म्हणजे शीड चढवण्याच्या दोराने, शीड वर ओढायचे.

अडचण

हँकच्या शिडात दोष काढण्याजोगे फारसे काही नाही. त्याचा आकार उत्तम बसतो, त्यात बिघडण्यासारखे काही नसते आणि हॅलयार्ड सोडला की ते खाली येते. कड्या तारेवर अडकलेल्या असल्याने ते वाहूनही जात नाही. अडचण शिडाची नव्हती, तर ते बदलण्यासाठी कोठे जावे लागते याची होती. वारा वाढला की एका माणसाने उसळत्या नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, गुडघे टेकून बसायचे, ओला जेनोआ उतरवून पिशवीत कोंबायचा, लहान जिब अडकवायचे आणि या सगळ्या वेळात दुसऱ्याने एकट्याने सुकाणू व दोर सांभाळायचे. पत्नीच्या खांद्यामुळे नाळेवर जाणारा माणूस नेहमी एकच झाला होता आणि तो पाण्यात पडला तर त्याला वर घेणे पत्नीला एकटीने शक्य नव्हते.

या जोडप्याशी सविस्तर बोलल्यावर मला अधिक महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. त्यांनी जेनोआ लावणेच जवळपास बंद केले होते. पुढे वारा वाढला तर काय, या विचाराने बंदरातच लहान जिब चढवायचे आणि वारा हलका राहिला की इंजिन सुरू करायचे, असा क्रम पडून गेला होता. अवजड रचनेच्या या नौकेला हलक्या वाऱ्यात पुढच्या मोठ्या शिडावाचून गती मिळत नाही. म्हणजे भीतीचे प्रसंग क्वचित येत असले, तरी त्या भीतीची किंमत जवळजवळ प्रत्येक सहलीत मोजली जात होती.

पतीने मांडलेला प्रश्न असा होता: "या नौकेला कोणता फर्लर बसवावा?" त्यांच्याजवळ तीन-चार उत्पादकांची माहितीपत्रके होती आणि दोन फर्लरची तुलना करणारा एक तक्ताही त्यांनी तयार केला होता. तो तक्ता काही काळ बाजूला ठेवावा, एवढीच माझी पहिली सूचना होती.

निवडीआधीचे प्रश्न

फर्लरकडून दोन वेगळी कामे घेता येतात. पहिले काम शीड पूर्ण उघडणे किंवा पूर्ण गुंडाळून बंद करणे. दुसरे काम ते अर्धवट गुंडाळून आखडणे आणि तशाच अवस्थेत त्यावर प्रवास करणे. पहिले काम जवळजवळ कोणताही फर्लर करतो. दुसऱ्या कामात गुंडाळलेल्या भागावर पिळाचा मोठा भार येतो. ज्या नळीभोवती शीड गुंडाळले जाते ती पिळली गेली, तर शीड खाली जास्त आणि वर कमी गुंडाळले जाते, त्याला पोट सुटते आणि नौका वाऱ्याच्या तोंडाकडे चढेनाशी होते. वारा नौकेला किनाऱ्याकडे ढकलत असताना हीच क्षमता सर्वांत जास्त लागते.

म्हणून पती-पत्नी दोघांना वेगवेगळे विचारले की आखडलेल्या शिडावर वाऱ्याच्या तोंडाशी तिरके चढत जाण्याची वेळ त्यांच्यावर किती वेळा येते. पतीचे उत्तर "क्वचित" असे होते. पत्नीचे उत्तर असे होते की परतीच्या वाटेवर दुपारनंतरचा वारा बहुधा समोरूनच येतो आणि तेव्हाच इंजिन लावले जाते. दोन्ही उत्तरे खरी होती, कारण पती घडलेले सांगत होते आणि पत्नी टाळलेले. दुसऱ्या उत्तराच्या आधारे शीड आखडता येणे ही गरज मानली गेली, आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय त्यावरून ठरला.

पडताळलेले पर्याय

पहिला पर्याय काहीही न बसवण्याचा होता. हँकची शिडे तशीच ठेवून एक खाली ओढणारा दोर शिडाच्या टोकापासून कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूजवळच्या बसण्याच्या जागेपर्यंत, आणायचा आणि जिबला खालून आखडण्याची सोय करून घ्यायची. यात खर्च नगण्य, वजनात वाढ नाही आणि शिडाचा आकार सर्वांत चांगला. शीड कॉकपिटमधून खाली आणता येते हा मोठा लाभ. पण ते बांधून ठेवण्यासाठी आणि आखडण्याचा नवा कोपरा अडकवण्यासाठी नाळेवर जाणे सुटत नाही. माणूस तरुण असता तर मी याच पर्यायाचा आग्रह धरला असता.

दुसरा पर्याय सर्वांत जुन्या घडणीचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वापरात असलेल्या वायकम मार्टिन प्रकारच्या साधनात शिडाच्या पुढच्या कडेतच तार शिवलेली असते. खाली ड्रम, म्हणजे फिरवण्याचा दोर ज्यावर गुंडाळतो ते चाक, वर स्विव्हल, म्हणजे फिरता सांधा, आणि मध्ये शीड स्वतःच्या तारेभोवती गुंडाळले जाते. फोरस्टेला हात लावावा लागत नाही. परंतु हे साधन फक्त उघडणे आणि बंद करणे यासाठीच आहे, आखडण्यासाठी नाही. त्यामुळे ते वरच्या प्रश्नापाशीच बाद झाले.

तिसऱ्या पर्यायाने चर्चेचा बराच वेळ घेतला आणि तो योग्यच होता. यात फोरस्टेवर एकसंध, लवचीक प्लास्टिकची नळी बसते. सीडीआय या उत्पादकाचा फर्लर हे त्याचे परिचित उदाहरण. शीड चढवणारा दोर या नळीच्या आतूनच जातो आणि खाली ड्रमपाशी बांधला जातो, म्हणजे शीड, दोर आणि नळी सगळे एकत्र फिरते. वर स्विव्हल नसल्याने हॅलयार्ड फोरस्टेभोवती वेढला जाण्याचा धोकाच उरत नाही. डोलकाठी दरवर्षी आडवी करणाऱ्यांसाठी ही नळी फार सोयीची, कारण ती वाकली तरी मोडत नाही. उणिवाही तितक्याच स्पष्ट आहेत: प्रवासात शिडाच्या पुढच्या कडेचा ताण कमी-जास्त करणे कठीण, गरज पडल्यास शीड झटपट उतरवणे कठीण, आणि प्लास्टिक ॲल्युमिनियमपेक्षा जास्त पिळले जात असल्याने आखडलेल्या शिडाचा आकार कमी विश्वासाचा.

चौथा पर्याय ॲल्युमिनियमचे तुकडे जोडून केलेल्या फॉइलचा, म्हणजे शिडाची कड जिच्या खाचेत सरकते अशा कठीण नळीचा. खाली ड्रम, फोरस्टेभोवती फिरणारी कठीण फॉइल, आणि नेहमीच्या हॅलयार्डने वर ओढलेले स्विव्हल. स्विव्हलचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो आणि वरचा भाग हॅलयार्डला बांधलेला, स्थिर राहतो. या वर्गात उत्पादकांच्या विचारसरणीत खरा फरक आहे. हार्केनच्या फर्लरमध्ये कठीण प्लास्टिकच्या उघड्या गोळ्या असतात, त्यांना ग्रीस लागत नाही आणि गोड्या पाण्याने धुणे पुरते; प्रोफर्लमध्ये बेअरिंग ग्रीसमध्ये बुडवून बंदिस्त केलेले असतात आणि हॅलयार्डचा वेढा टाळणारा एक भाग वरच्या बाजूला बसवलेला असतो; सेल्डेनच्या फर्लेक्सबरोबर नवा फोरस्टेच मिळतो. या जोडप्याने शेवटी कोणता घेतला हे मुद्दाम सांगत नाही, कारण या वर्गातला कोणताही योग्य मापाचा फर्लर त्यांचे काम करू शकला असता.

पाचवा पर्याय एका मित्राने फुकट देऊ केलेल्या जुन्या फर्लरचा होता. तो ३२ फुटी नौकेवरून उतरवलेला होता, त्याची फॉइल जाड तारेसाठी बनवलेली होती आणि त्याचे सुटे भाग मिळणे बंद झाले होते. बारीक तारेवर अशी फॉइल सैल बसते, फिरताना खडखडते आणि तार घासते. शिवाय उंचावर विनाकारण वजन चढते. हा पर्याय नाकारायला पतींना सर्वांत जास्त वेळ लागला.

निर्णयाचा पहिला टप्पा : फोरस्टे

आखडण्याची गरज आणि वाऱ्याच्या तोंडावर चालण्याची अपेक्षा लक्षात घेता चौथा पर्याय ठरला. त्यानंतर पतींचा बेत असा होता की आहे त्याच फोरस्टेवर फॉइल चढवावी. तार ५ मिलिमीटर जाडीची, १९ काड्यांची स्टेनलेस पोलादाची होती. अशी तार नवी असताना साधारण दोन टन भार सोसते, आणि दिसायला ती स्वच्छ होती. किती वर्षांची आहे, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते.

येथे थांबण्याचे कारण साधे आहे. उघडा फोरस्टे रोज नजरेसमोर असतो. फॉइलच्या आत गेलेला फोरस्टे पुढची कित्येक वर्षे कोणी पाहत नाही. शिवाय फॉइल त्याच्याभोवती सतत फिरणार, टोकांशी हलका का होईना पण पीळ येत राहणार. डोलकाठी खाली असताना तार सोडवून खालचे टोक भिंगातून पाहिले, तेव्हा दाबून बसवलेल्या नळकांड्यावर केसाएवढी उभी भेग आणि तिच्या कडेने तपकिरी डाग आढळला. टोकाची अशी भेग तार तुटण्याआधीची ठळक खूण असते. वाद तेथेच संपला आणि नवा फोरस्टे बनवण्याचे ठरले.

नव्या तारेचे वरचे टोक कारखान्यात दाबून घेतलेले आणि खालचे टोक पेच आवळून हाताने बसवता येण्याजोगे ठेवले. यामुळे फॉइल तारेवर ओवणे सोपे झाले आणि पुढे कधी तार बदलायची झाली तर फॉइल वाचवता येणार होती. दोन्ही टोकांना टॉगल, म्हणजे दोन दिशांना हलू देणारा सांधा, घातला. उघड्या तारेला वरच्या टोकाशी टॉगल नसला तरी काही नौका वर्षानुवर्षे चालतात. फर्लर लागल्यावर मात्र शीड फुगले की फॉइलसह संपूर्ण तार बाजूला ताणली जाते, आणि टॉगल नसेल तर तो बाक टोकाच्या मुळाशीच येतो.

ड्रम डेकलगत ठेवला तर नांगराच्या साखळीत अडकला असता, म्हणून खाली १५ सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या देऊन तो उचलला. पट्ट्यांच्या खाली टॉगल असणे आवश्यक आहे. नुसत्या पट्ट्या एकाच दिशेला वळतात.

निर्णयाचा दुसरा टप्पा : शीड

फर्लर घेणाऱ्यांपैकी बरेच जण शिडाचा विचार शेवटी करतात. या प्रकरणात मापे आधी घेतली. फोरस्टेची खिळ्यापासून खिळ्यापर्यंतची लांबी ९.८५ मीटर होती. खालच्या पट्ट्या, टॉगल आणि ड्रम मिळून ४५ सेंटिमीटर गेले. वर स्विव्हल आणि त्याच्यावर सोडायची मोकळी जागा मिळून ३० सेंटिमीटर गेले. शिडाच्या पुढच्या कडेसाठी ९.१० मीटर उरले. जुन्या जेनोआची कड ९.४० मीटरची होती, म्हणजे तो तसा बसणारच नव्हता. खालून ३० सेंटिमीटर कापून, हँक काढून, फॉइलच्या खाचेत सरकणारी पट्टी शिवावी लागली असती.

कापणे शक्य होते. पण १३५ टक्क्यांचे शीड आखडून लहान जिबइतके करायचे म्हटले, तर त्याचा जवळजवळ अर्धा भाग गुंडाळावा लागतो. शीड सुमारे तीस टक्क्यांच्या पुढे गुंडाळले की त्याचा आकार झपाट्याने बिघडतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जुन्या जेनोआचे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस मीटर होते. तीस टक्के गुंडाळूनही ते १३ च्या वरच राहिले असते. त्याऐवजी ११५ टक्क्यांचे, सुमारे १६ चौरस मीटरचे नवे शीड घेतले, तर तेवढेच गुंडाळून ते ११ च्या आसपास येते. या नौकेसाठी तो बऱ्यापैकी जोराच्या वाऱ्याचा आकडा आहे.

पतींना हलक्या वाऱ्यातले तीन चौरस मीटर सोडणे जड गेले. आकडेमोडीपेक्षा त्यांना पटला तो पत्नीचा साधा युक्तिवाद: मोठा जेनोआ पिशवीत राहत होता, हा तरी रोज उघडेल.

नव्या शिडात तीन गोष्टी मागून घेतल्या. पुढच्या कडेलगत फोमची पट्टी, जी मध्यभागी जाड आणि टोकांकडे निमुळती असते. गुंडाळताना ती शिडाचे पोट आधी खाऊन टाकते आणि आखडलेले शीड सपाट राहते. मागचा कोपरा नेहमीपेक्षा वर कापलेला, म्हणजे आखडल्यावर शीटची, अर्थात शीड आवळण्याच्या दोराची, दिशा फार बदलत नाही आणि खालून पुढचे दिसते. आणि मागच्या व खालच्या कडेवर उन्हापासून वाचवणारी पट्टी, कारण गुंडाळलेल्या शिडाचा तेवढाच भाग आठवडेच्या आठवडे उन्हात असतो.

या शेवटच्या पट्टीवरून एक चूक होता होता राहिली. पट्टी शिडाच्या कोणत्या अंगाला शिवायची हे फर्लर कोणत्या दिशेने फिरणार यावर ठरते, आणि फिरण्याची दिशा फर्लरचा दोर नौकेच्या कोणत्या बाजूने कॉकपिटकडे येणार यावर ठरते. दोर डाव्या बाजूने आणायचे ठरले होते; शीड शिवणाऱ्याने विचारले नसते तर पट्टी नेहमीच्या सवयीने दुसऱ्या अंगाला गेली असती आणि गुंडाळल्यावर आतच राहिली असती.

बसवणे आणि हॅलयार्डचा कोन

डोलकाठी आडवी असल्याने फॉइल जोडणे सोपे गेले. तुकड्यांच्या सांध्यांतील पोलादी स्क्रूंना ॲल्युमिनियमपासून अलग ठेवणारा लेप लावला. समुद्राच्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि काही वर्षांनी स्क्रू निघत नाहीत.

खरे लक्ष घातले ते वरच्या टोकाकडे. स्विव्हलचा वरचा भाग स्थिर राहतो तो केवळ हॅलयार्ड त्याला मागे ओढून धरतो म्हणून. हॅलयार्ड फोरस्टेला समांतर उतरत असेल, तर त्याला धरून ठेवायला जोरच मिळत नाही. स्विव्हल शिडाबरोबर फिरतो, हॅलयार्ड फॉइलभोवती वेढला जातो आणि फर्लर मध्येच अडतो. अशा वेळी दोर जोराने ओढला तर फॉइल चेपते, हॅलयार्ड तुटतो, आणि वाईटात वाईट म्हणजे फोरस्टेच्या काड्या उलगडून डोलकाठीच धोक्यात येते. हॅलयार्ड आणि फोरस्टे यांत आठ-दहा अंशांचा कोन असावा असे मानतात. या नौकेवर हॅलयार्डची कप्पी फोरस्टेच्या इतकी जवळ होती की कोन जवळजवळ शून्य होता. डोलकाठीच्या पुढच्या अंगावर, शेंड्याच्या थोडे खाली, हॅलयार्डला मागे खेचणारे एक कडे बसवून तो दुरुस्त केला. कडे फार खाली बसवले तर हॅलयार्ड अति वाकतो, घर्षण वाढते आणि शीड चढवणे जड होते. म्हणून जागा आधी दोरीने मोजून पाहिली आणि मगच भोके पाडली.

याच कारणाने स्विव्हल नेहमी फॉइलच्या वरच्या टोकाजवळ पोहोचला पाहिजे. जुने लहान जिब नव्या पट्टीसह पर्यायी शीड म्हणून ठेवले होते. त्याची कड ७.६० मीटर, म्हणजे स्विव्हल दीड मीटर खाली राहिला असता. त्याच्या वरच्या कोपऱ्याला तेवढ्याच लांबीची तार कायमची जोडून टाकली.

फर्लरचा दोर

ड्रममधून दोर आसाला काटकोनात निघावा म्हणून पहिली कप्पी कठड्याच्या पहिल्या खांबावर नेमक्या उंचीला बसवली. दोर ८ मिलिमीटरचा हाताला बरा, पण त्याचे वेढे ड्रममध्ये मावेनात. ६ मिलिमीटरचा मावला, पण पत्नीच्या पकडीत बसेना. शेवटी ८ मिलिमीटरचाच घेऊन ड्रमवर राहणाऱ्या भागातला आतला गाभा काढून टाकला. तो भाग चपटा होऊन ड्रमवर दाट बसतो आणि हातात येणारा भाग जाडच राहतो.

परिणाम

पहिल्या निवांत दिवशी सगळे सुरेख चालले. पहिल्या वाऱ्याच्या दिवशी शीड पूर्ण बंदच झाले नाही. मागच्या कोपऱ्याकडचा हातभर तुकडा फडफडत राहिला, कारण ड्रमवरचा दोर संपला होता. शांत हवेत शीड सैल गुंडाळले जाते, त्याचा गोळा जाड होतो आणि कमी फेऱ्यांत काम भागते. जोराच्या वाऱ्यात ते घट्ट गुंडाळले जाते आणि जास्त फेऱ्या लागतात. दोर बसवताना वेढे शांत हवेतल्या हिशेबाने घेतले होते. नंतर सहा वेढे वाढवले, म्हणजे घट्ट गुंडाळून वर शीटचे तीन फेरे आले तरी ड्रमवर काही दोर शिल्लक राहतो.

दुसरा प्रसंग अधिक बोलका आहे. एकदा दोर अर्ध्यावर अडला आणि पतींनी तो विंचवर, म्हणजे दोर जोराने ओढण्याच्या चरखीवर, घ्यायला सुरुवात केली. पत्नी म्हणाली, "अहो, थांबा, आधी वर बघा." वर मोकळा ठेवलेला दुसरा हॅलयार्ड शिडाबरोबर गुंडाळला जात होता. शीड पुन्हा उघडून तो डोलकाठीपाशी ताणून बांधला आणि काम हाताने झाले. तेव्हापासून फर्लरचा दोर विंचवर घ्यायचा नाही असा त्यांचा नियम आहे. या मापाच्या नौकेवर तो योग्य आहे, कारण हाताने न फिरणारा फर्लर काहीतरी अडकले असल्याचे सांगत असतो.

मूळ अडचणीपुरता विचार केला तर उद्देश साधला. शीड आता जवळजवळ प्रत्येक सहलीत उघडते. आखडताना नौका थोडी वाऱ्यापुढे वळवून शीड मुख्य शिडाच्या आडोशाला घ्यायचे, शीटवर किंचित ताण ठेवायचा आणि दोर ओढायचा, हे काम पत्नी एकटी कॉकपिटमध्ये बसून करते. शिडाच्या खालच्या कडेवर आखडण्याच्या दोन खुणा शिवल्या आहेत आणि त्यांच्याशी जुळणाऱ्या शीटच्या कप्पीच्या जागा डेकवर रंगवल्या आहेत.

काय गमावले तेही नोंदवले पाहिजे. हलक्या वाऱ्यात नौका पूर्वीच्या जेनोआपेक्षा मंद आहे. प्रवासात शीड बदलणे पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे, कारण फॉइलच्या खाचेतून बाहेर येणारे शीड कशालाच अडकलेले नसते आणि सरळ डेकवरून पाण्यात जाऊ पाहते. आणि फर्लरचा दोर तुटला तर पूर्ण शीड नको त्या वेळी उघडेल, ही नवी शक्यता निर्माण झाली आहे. म्हणून दोराची ड्रमजवळची टोके दर हंगामाला तपासली जातात आणि मोठ्या वाऱ्याची सूचना असेल तर मुक्कामी असलेल्या नौकेवरून शीड उतरवूनच ठेवतात.

वेगळे काय करता आले असते

पहिली बाब डोलकाठी आडवी करण्याची. पहिल्याच हंगामाच्या शेवटी डोलकाठी खाली घेताना फॉइल मध्ये झोल खाऊन लोंबली आणि एका सांध्यापाशी वाकली. एक तुकडा बदलून भागले, पण ते टळण्याजोगे होते: फॉइल डोलकाठीला तीन-चार ठिकाणी आधार देऊन बांधायची आणि ड्रमचे टोक धरायला एक माणूस जास्त घ्यायचा. माझे मत असे की पर्याय निवडताना हा मुद्दा मांडला असता, तरी निर्णय बदलला नसता. परंतु ज्यांना फक्त उघडणे आणि बंद करणे एवढेच हवे आहे आणि डोलकाठी दरवर्षी खाली येते, त्यांच्यासाठी प्लास्टिकच्या एकसंध नळीचे पारडे जड आहे.

दुसरी बाब क्रमाची. फर्लरचे माप, फोरस्टेची अवस्था, हॅलयार्डचा कोन आणि शिडाची लांबी या चार गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या असताना पतींनी सुरुवात माहितीपत्रकांपासून केली होती. फोरस्टे आधी सोडवून पाहिला असता, तर नव्या तारेसह मिळणाऱ्या फर्लरचा विचार पहिल्याच दिवशी करता आला असता. तेव्हा तक्त्यातल्या दोन फर्लरची तुलना जुनी तार वापरायचीच हे गृहीत धरून झाली होती.

तिसरी बाब अजूनही पूर्ण सुटलेली नाही. वादळी जिब हँकचे आहे, आणि ते अडकवायला उघडा फोरस्टे आता नाही. चर्चेत हा प्रश्न निघाला होता, पण "नंतर बघू" म्हणून मागे पडला. उपाय दोन दिसतात. फोरस्टेच्या मागे, हवा तेव्हाच लावता येणारा आतला स्टे घ्यायचा, त्याचा डेकवरचा पाया खालून भक्कम करायचा आणि डोलकाठी मागून धरणाऱ्या दोरांची सोय करायची; किंवा गुंडाळलेल्या शिडावरूनच वेढून लावता येणारे वादळी जिब शिवून घ्यायचे. दुसरा उपाय स्वस्त आहे, पण तो करायला पुन्हा नाळेवरच जावे लागते, तेही सर्वांत वाईट हवेत, आणि फर्लर अर्धवट अडकलेला असेल तर तो उपयोगी पडत नाही. नौकेचा वापर किनाऱ्यालगत आहे तोवर त्यांनी वादळी जिब जहाजावर न ठेवता हवामान पाहूनच निघण्याचे ठरवले आहे. लांबच्या प्रवासाचा बेत पक्का झाल्यास आतल्या स्टेचा पाया डोलकाठी पुढच्या वेळी आडवी असताना करून घ्यावा, असा सल्ला मी दिला आहे.